समुद्रकाठचं जुनं घर दुरुस्त करायचंय: सीआरझेडमधून (किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांतून) सूट नेमकी कशाला मिळते?

माडाची_सावली (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. घर मालवण तालुक्यातल्या किनारी गावात आहे. चिऱ्याच्या भिंती, चिऱ्यांच्या सांध्यांत माती, मंगळोरी कौलं. मूळ जोतं ४२ × २८ फूट, समोर ४२ × ८ ची पडवी, मागे सुटं न्हाणीघर ८ × ६ चं. बांधकाम १९६८ च्या आसपासचं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला (घरपट्टीच्या नोंदवहीत) १९७४ पासून नोंद आहे, पण ती फक्त ४२ × २८ ची. पडवी त्या नोंदीत २००४ साली नव्याने चढवलेली दिसते.

भरतीच्या पाण्याची खूण घरापासून चालत मोजली तर १३० मीटरच्या आसपास. वायव्येला खाडीचा फाटा आहे, त्याच्या कडेने थोडी कांदळवनं, ती घरापासून ४०-४५ मीटरवर.

वासे कुजलेत आणि दर्शनी भिंतीला तडा गेलाय. बेत असा: कौलं उतरवून स्लॅब टाकायचा, वर दोन खोल्या काढायच्या (४०० फूट), पडवी बंद करून तिची खोली करायची, संडास-बाथरूम आत घेऊन मागे नवीन सेप्टिक टँक, आणि समुद्राच्या बाजूला चिऱ्याचं कंपाउंड. पुढेमागे पर्यटकांना दोन खोल्या द्यायचाही विचार आहे.

गावात तीन गोष्टी ऐकायला मिळतात. “३०० चौरस मीटरच्या आतल्या घराला सीआरझेड लागतच नाही.” “खेड्यात ३,२०० फुटांपर्यंत परवानगीच लागत नाही.” “जुन्या जोत्यावर काहीही बांधा, कोणी विचारत नाही.” सगळं मिळून आमचं बांधकाम १८० चौरस मीटरच्या आतच राहतं. मग यातलं खरं काय धरायचं?

---

भरतीरेषा

तिन्ही वाक्यांत थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच ती धोक्याची आहेत. एकेक घेऊ.

३०० चौरस मीटरची सूट खरी आहे. ती १८ जानेवारी २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत आहे. पण सूट कशातून, ते नीट वाचा. स्वतः राहायच्या घराचं एकूण बांधकाम ३०० चौरस मीटरपर्यंत असेल, तर प्रस्ताव मुंबईला राज्याच्या किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे शिफारशीसाठी पाठवावा लागत नाही, स्थानिक प्राधिकरणच मंजुरी देऊ शकतं. त्याच वाक्याला जोडून पुढे म्हटलंय की मंजुरी देण्याआधी त्या स्थानिक प्राधिकरणाने प्रस्ताव सीआरझेडच्या अंगाने तपासायचा आहे. म्हणजे एक टप्पा वगळला, नियम वगळलेला नाही. ना-विकास क्षेत्रात, म्हणजे भरतीरेषेलगतच्या नवीन बांधकामाला बंदी असलेल्या पट्ट्यात, जे करता येत नाही ते ५० चौरस मीटरलाही करता येत नाही.

आता तुमचं घर कुठे पडतं ते बघू. खेड्यातला किनारा सीआरझेड-३ मध्ये येतो आणि २०१९ पासून त्याचे दोन भाग आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ च्या वर असेल तर ३-अ, आणि तिथे ना-विकास क्षेत्र भरतीरेषेपासून ५० मीटर. घनता त्याखाली असेल तर ३-ब, आणि तिथे जुनेच २०० मीटर. अख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची घनता १६३ आहे. तेव्हा तुमचं गाव ३-ब आहे असं धरूनच चाला आणि मंजूर किनारा आराखड्यावर खात्री करा. १३० मीटर म्हणजे घर सरळ ना-विकास क्षेत्रात.

ना-विकास क्षेत्रातल्या घराला काय करता येतं? आधीपासून असलेल्या अधिकृत बांधकामाची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी. त्याला तीन मर्यादा आहेत: आहे तो एफएसआय (जागेच्या मानाने एकूण बांधकामाचं प्रमाण), आहे ते जोत्याचं क्षेत्र, आहे ती घनता. तिन्ही एकाच वेळी पाळायच्या. तुमची यादी या चाळणीतून काढली तर छप्पर बदलणं बसतं, भिंत दुरुस्त करणं बसतं, संडास-बाथरूम घराच्या आत घेणं बसतं. वरच्या दोन खोल्या बसत नाहीत, कारण जोतं तेच राहिलं तरी एफएसआय वाढतो. “तळ अधिक एक मजला, उंची ९ मीटरपर्यंत” हे जे ऐकायला मिळतं ते ना-विकास क्षेत्राच्या पलीकडच्या, म्हणजे २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यातल्या राहत्या घरांसाठी आहे. ते इकडे ओढून आणू नका.

मच्छीमार आणि इतर पारंपरिक किनारी समाजांच्या राहत्या घरांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. तुम्ही त्यात मोडत असाल तर अर्जात पहिल्याच परिच्छेदात तसं लिहा, कारण मग तपासणीची चौकटच बदलते.

दुसरं वाक्य, ३,२०० फुटांचं. ती ग्रामीण भागातल्या इमारत परवानगीतली सवलत आहे, नगररचना विभागाच्या फेऱ्या वाचवणारी. सीआरझेड हा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ खालचा केंद्राचा नियम. राज्याच्या बांधकाम नियमावलीतली सवलत त्याला लागू पडत नाही. ग्रामपंचायतीने कागद दिला म्हणजे सुटलो असं मानणाऱ्यांनी केरळातलं मरडू आठवावं. तिथल्या इमारतींना २००६ साली पंचायतीने बांधकाम परवाने दिले होते, पण किनारी प्राधिकरणाची मंजुरी नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये पाडायचा आदेश दिला आणि ११ व १२ जानेवारी २०२० ला त्या जमीनदोस्त झाल्या. घराची आणि बहुमजली इमारतींची बरोबरी नाही, पण स्थानिक परवान्याची ताकद किती ते यातून कळतं.

आणि प्रश्नात तुम्ही जाता जाता जे लिहिलंय तेच माझ्या मते सगळ्यात मोठं आहे: कांदळवनं ४०-४५ मीटरवर. अधिसूचनेप्रमाणे कांदळवनाचं क्षेत्र १,००० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर त्याभोवती ५० मीटरचा पट्टा राखीव असतो आणि तो सीआरझेड-१ अ मध्ये, म्हणजे सगळ्यात संवेदनशील वर्गात, जातो. पण महाराष्ट्रात यावर मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश आहे, २००५ चा अंतरिम आणि १७ सप्टेंबर २०१८ चा अंतिम. त्यात कांदळवनाचं क्षेत्र कितीही असो आणि जमीन कोणाचीही असो, सर्व बाजूंनी ५० मीटरच्या आत बांधकामाला मनाई आहे. म्हणजे घराचा वायव्य कोपरा त्या पट्ट्यात येतोय. आहे त्या घराची आहे त्या जोत्यावर डागडुजी ही एक गोष्ट. त्या बाजूला नवीन न्हाणी, टाकी, अगदी चिऱ्यांचा नि रेतीचा ढीग, ही दुसरी गोष्ट, आणि ती टाळायचीच. वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडून लेखी अभिप्राय आधी घेतलेला बरा. त्याला वेळ लागतो, म्हणून पहिला अर्ज तिथे करा.

---

सातबारा_ते_सनद

वरच्या उत्तरात “अधिकृत” हा शब्द आलाय, सगळी गाडी त्याच्यावर चालते. अधिकृत म्हणजे एक तर त्या वेळची परवानगी असलेलं, नाहीतर पहिली सीआरझेड अधिसूचना निघाली त्या १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधीपासून उभं असलेलं. खेड्यातल्या १९६८ च्या घराला बांधकाम परवानगीचा कागद सहसा नसतोच, त्यामुळे तारखेचा पुरावा हाच आधार. तो गोळा केल्याशिवाय एक कौलसुद्धा उतरवू नका. घर उतरवलं की जोतं किती होतं ते सांगणारा सगळ्यात मोठा साक्षीदार गेला.

तुमच्याकडे १९७४ ची नमुना ८ ची नोंद आहे, हे चांगलं. पण संगणकावरचा उतारा आणून भागत नाही. त्यात लांबी-रुंदी नंतरच्या फेरआकारणीतली असते, कधी फुटांचे मीटर करताना आकडे चुकलेले असतात. मूळ हस्तलिखित नोंदवहीच्या त्या पानाची साक्षांकित नक्कल मागा. माहिती अधिकारात मागितली तर उत्तम, मग “रेकॉर्ड सापडत नाही” असं लेखी उत्तर आलं तरी ते पुढे उपयोगी पडतं. त्या पानावर “घराचे वर्णन” हा रकाना नीट वाचा. “चिरेबंदी, कौलारू, पडवीसह” असं तिथे लिहिलेलं असू शकतं आणि मोजमाप फक्त मूळ घराचं दिलेलं असतं. तुमच्या पडवीचा प्रश्न त्या एका शब्दावर सुटू शकतो.

तसं नसेल तर पडवी १९९१ आधीची आहे हे दुसऱ्या कागदांनी दाखवावं लागेल. जुनं वाटणीपत्र किंवा खरेदीखत (चतुःसीमेत पडवीचा उल्लेख असतो), १९९१ आधीचा मोजणी नकाशा, घरावर घेतलेल्या कर्जाचं मूल्यांकन, वादळाने नुकसान झालं असेल तर त्या वेळच्या पंचनाम्याची नक्कल. तौक्ते वादळानंतरचे २०२१ चे पंचनामे सिंधुदुर्गात बऱ्याच घरांचे आहेत. ते १९९१ सिद्ध करत नाहीत, पण तुम्ही हात लावण्याआधी घर किती लांब-रुंद होतं हे सरकारी माणसाच्या सहीने सांगतात. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून मिळणाऱ्या सनदेचंही (मालकीच्या कागदाचंही) तेच. ड्रोन उडला त्या दिवशी काय होतं एवढंच ती सांगते.

काहीच मिळालं नाही तर हिशेब कडक होतो. ४२ × २८ म्हणजे १,१७६ चौरस फूट, १०९ चौरस मीटर. पडवी धरून १,५१२ फूट, १४०.५ चौरस मीटर. मधले ३१ चौरस मीटर तुमच्या हातात राहतात की नाही हे पडवीच्या पुराव्यावर. म्हणून पडवी बंद करायचा विचार आत्ता बाजूला ठेवा. १९९१ नंतर नोंदलेला भाग बंद भिंतींचा झाला की पाहणीत तो नवीन बांधकाम म्हणूनच लिहिला जातो, आणि एकदा तसं लिहिलं गेलं की सगळ्या घराची फाईल त्या रंगाची होते.

अंतराबद्दल: चालत मोजलेलं १३० मीटर अर्जात लिहू नका. भरतीरेषा म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला वाळूवर दिसणारी ओली खूण नाही. ती मंजूर किनारा आराखड्यावर आखलेली रेषा असते आणि ती चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारी व्यवस्थापन केंद्राने निश्चित केलेलीच धरली जाते. आराखड्याचे नकाशे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आहेत, पण ते १:२५,००० चे. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असते, त्यातच १२ मीटर इकडचे तिकडे. प्राथमिक अंदाजाला ठीक. घर २०० किंवा ५० च्या हद्दीजवळ असेल, आणि तुमचं कांदळवनाच्या बाजूने तसं आहे, तर अधिकृत संस्थेकडून १:४,००० चा नकाशा करून घ्या. सर्व्हे नंबर, घराची बाह्यरेषा, भरतीरेषा, कांदळवनाची कड, ५० मीटरचा पट्टा, सगळं एकाच कागदावर. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तुम्हाला जवळ आहे.

तो नकाशा काढायच्या आधी भूमि अभिलेखकडून मोजणी करून घ्या. उलट क्रमाने केलं तर संस्थेच्या नकाशावरची सर्व्हे नंबरची हद्द आणि मोजणीची हद्द जुळत नाहीत आणि एक काम दोनदा करावं लागतं. मोजणीच्या दिवशी मोजणीदाराला घर, पडवी आणि सुटं न्हाणीघर तिन्ही नकाशात दाखवायला सांगा. न सांगितल्यास ते फक्त हद्द दाखवून मोकळे होतात.

अर्ज कोणाकडे: घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायत, गावठाणाबाहेर असेल तर जिल्हाधिकारी. कोकणातली बरीच वाडीतली घरं गावठाणाबाहेर असतात आणि मालकाला ते माहीत नसतं. सातबाऱ्यावर तुमच्या घराचा सर्व्हे नंबर दिसत असेल, “घरपड” (घराखालची जमीन) अशी नोंद असेल, तर तुम्ही बहुधा बाहेर आहात.

---

चिरेबंदी

स्लॅबबद्दल बोलतो, कारण इथेच दुरुस्तीचं काम नकळत नवीन बांधकाम होऊन बसतं.

मंगळोरी कौलांचं रिपांसकट वजन दर चौरस मीटरला ६५ किलोच्या घरात. १२५ मिमी जाडीच्या स्लॅबचं नुसतं काँक्रीटच दर चौरस मीटरला ३१० किलोच्या वर, त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर वेगळा. तुमच्या १०९ चौरस मीटरवर ते ३४ टन होतात. आत्ताचं कौलारू छप्पर उतार धरून ८ टनांच्या आसपास आहे. मातीत रचलेल्या, आधीच तडा गेलेल्या चिऱ्याच्या भिंती हे घेणार नाहीत. मग इंजिनियर सांगतो, कॉलम टाका. कॉलमला फुटिंग हवं, फुटिंगला जोतं खणायला हवं, आणि बघता बघता चारही भिंती खाली येतात. अर्ज दुरुस्तीचा आणि जागेवर पाया खणलेला, अशा अवस्थेत पाहणी झाली की काम थांबवण्याची नोटीस येते. तोवर पावसाळा तोंडावर आलेला असतो आणि घरावर छप्पर नसतं.

माझं स्पष्ट मत: उतरतं छप्पर ठेवा. वासे आणि तुळया काढून त्या जागी गरम जस्तात बुडवलेल्या लोखंडी नळ्यांच्या कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) बसवा. नुसता रंग दिलेलं लोखंड समुद्रापासून १३० मीटरवर टिकत नाही, जोडावरचं वेल्डिंग आधी जातं. म्हणून कैच्या आधी जोडून मग गॅल्वनाइज करून आणा आणि जागेवर फक्त बोल्ट. बोल्ट स्टेनलेसचे घेणार असाल तर ३१६ प्रतीचे घ्या, ३०४ ला खाऱ्या हवेत तांबूस डाग धरतात.

भिंतींच्या माथ्यावर चारही बाजूंनी सलग आरसीसी पट्टा ओतायचा, भिंतीच्या रुंदीचा, १५० मिमी जाड, १० किंवा १२ मिमीच्या चार सळ्या. कैच्यांचे अँकर बोल्ट या पट्ट्यात आधीच सोडायचे. वादळात छप्पर खालून उचललं जातं, वरून दाबलं जात नाही. जुन्या घरात वासे भिंतीवर नुसते टेकलेले असतात, म्हणून निसर्ग आणि तौक्ते या दोन्ही वादळांत भिंती शाबूत राहिल्या आणि छपरं उडाली.

उंचीकडे लक्ष द्या. पट्ट्याने १५० मिमी वाढतात, त्याची भरपाई कैचीचा उतार थोडा कमी करून करता येते. आढ्याची उंची आधी होती तेवढीच दाखवली की एफएसआयचा प्रश्नच निघत नाही. भिंती तीन फूट उचलून मधे “माळा” काढला तर तो पाहणाऱ्याला मजलाच दिसतो, आणि त्याचं तसं दिसणं बरोबर आहे.

वळचण दोन फुटांपर्यंत भिंतीतून पुढे आलेली चालते. तिच्याखाली खांब दिले आणि तळाला कोबा केला की नवीन पडवी झाली. हे फार लोक करतात आणि जोत्याचं क्षेत्र तिथेच वाढतं.

कौलांचा हिशेब: दर चौरस मीटरला साधारण १५. दोन फुटांची वळचण आणि ३० अंशांचा उतार धरून मूळ घराचं छप्पर १५८ चौरस मीटर, म्हणजे २,४०० च्या आत. फुटीचे ७ ते ८ टक्के धरून २,५५० मागवा. पडवीची वेगळी. जुनी टणक कौलं निवडून वारा येणाऱ्या बाजूला लावू नका, ती मागच्या बाजूला. कडेच्या दोन ओळी आणि आढ्यावरचे कोने तारेने बांधून चुन्या-सिमेंटात बसवा.

जे काही काँक्रीट होईल त्याला किनाऱ्याचा दर्जा द्या. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनारी हवेत किमान एम ३० प्रतीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिमी कव्हर (सळई झाकणारा काँक्रीटचा थर), फवारा थेट येत असेल तर एम ३५ आणि ५० मिमी. गावात सर्रास २० मिमी कव्हर ठेवतात. रेती खाडीची किंवा पुळणीची (समुद्रकाठच्या वाळूची) नको. पुळणीवरची रेती काढणं सीआरझेडमध्ये बंदच आहे, आणि तिच्यातलं मीठ सळई आतून फुगवतं. पाच-सहा वर्षांत कव्हर सुटून पडतं.

---

माडाची_सावली

सगळ्यांचे मनापासून आभार. वरचा मजला आणि स्लॅब दोन्ही सोडले. घर गावठाणाबाहेर आहे, सातबाऱ्यावर घरपड नोंद आहे. मूळ नोंदवहीच्या पानासाठी आज माहिती अधिकाराचा अर्ज दिला. राहिलेले प्रश्न: कंपाउंड, सेप्टिक टँक आणि पर्यटकांच्या खोल्या. आणि परवानगी येईपर्यंत तड्याच्या भिंतीला काही करता येईल का?

---

भरतीरेषा

भिंतीला टेकू द्या, छपरावर ताडपत्री घाला, गळकी कौलं बदला. रचना न बदलणाऱ्या डागडुजीला कोणी अडवत नाही, पण तीही न सांगता करू नका. ग्रामपंचायतीला साधं पत्र: अमुक भिंतीला तडा, अमुक तारखेपासून तात्पुरता आधार देत आहोत, मोजमापात बदल नाही. सोबत चारही बाजूंचे फोटो, त्यात फूटपट्टी किंवा टेप दिसेल असे. पोच प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. हे पत्र पुढे तुमच्याच उपयोगाचं आहे.

समुद्राच्या बाजूचं चिऱ्याचं कंपाउंड ना-विकास क्षेत्रात नवीन बांधकाम ठरतं, घराची दुरुस्ती नाही. जुना गडगा (दगडी कुंपण) असेल तर तो आहे त्या रेषेवर, आहे त्या उंचीचा नीट रचून घ्या. नसेल तर जिवंत कुंपण लावा, निरगुडीचं नाहीतर मेंदीचं. वाळूची टेकाडं असतील तर ती सपाट करू नका. टेकाडांशी छेडछाड स्वतंत्रपणे बंद आहे, आणि वादळात लाट तीच अडवतात.

पाडापाडीचे चिरे, माती, फुटकी कौलं खाडीत किंवा पुळणीवर टाकणं हाही स्वतंत्र भंग आहे, घराचं काम कितीही नियमात असलं तरी. चांगले चिरे घरातच वापरा, बाकीचं कुठे नेणार ते अर्जात लिहा.

दंडाचं विचारलं नाहीत, पण माहीत असू द्या. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली तुरुंगवासाच्या जागी १ एप्रिल २०२४ पासून आर्थिक दंड आलाय, १०,००० रुपयांपासून १५ लाखांपर्यंत. “आता नुसता दंडच आहे” असं लोक म्हणू लागलेत. बांधकाम पाडण्याचा आदेश द्यायचा अधिकार तसाच आहे, आणि पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात कोणीही तक्रार नेऊ शकतं.

---

वाफा_आणि_विहीर

सेप्टिक टँक. घरात पाच माणसं धरली तर आयएस २४७० प्रमाणे आतून १.५ मीटर लांब, ०.७५ रुंद आणि पाण्याची खोली १ मीटर पुरते. पाहुण्यांसह दहा धरली तर २ × ०.९, आणि दोन वर्षांनी उपसायची असेल तर खोली १.४. टाकीपेक्षा प्रश्न शोषखड्ड्याचा आहे. तो विहिरीपासून किमान १८ मीटर हवा, स्वतःच्याही आणि शेजाऱ्याच्याही. वाळूत पाणी भराभर मुरतं आणि तितक्याच वेगाने विहिरीकडे चालत जातं. पावसाळ्यात भूजल दोन-तीन फुटांवर येत असेल तर खोल खड्डा भरूनच राहील. तिथे उथळ चर काढून त्यावर केळी, कर्दळ लावलेली बरी. जागा कांदळवनाच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे तुमच्याकडे आग्नेयेला, आणि शक्यतो जुन्या न्हाणीघराच्या जागेतच बसवा. नकाशात “जुन्या संडासाच्या जागी सुधारित व्यवस्था” असं दाखवा, पण तिथे खरंच जुनं बांधकाम असेल तरच.

बोअरवेलचं काम याच झपाट्यात उरकू नका. भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसा बंद आहे, स्थानिक रहिवाशांच्या स्वतःच्या वापरापुरती मोकळीक आहे. पर्यटकांच्या खोल्यांसाठी पाणी हा स्वतःचा वापर नव्हे. शिवाय पंप लावून ओढलं की खारं पाणी आत येतं, आणि एकदा विहीर मचूळ झाली की माडसुद्धा वर्षभरात उतरतात. जुनी विहीर उपसून, गाळ काढून घ्या.

पर्यटकांच्या खोल्या: अधिसूचनेत स्थानिक लोकांना घरातच निवास-न्याहारी चालवायला जागा ठेवलेली आहे. अट अशी की आहे त्या घराचं जोतं, रचना आणि दर्शनी रूप बदलायचं नाही. तुम्ही उतरतं छप्पर ठेवलंत, हा त्यातला मोठा फायदा. मात्र अर्ज ३०० चौरस मीटरच्या सुटीखाली “स्वतः राहायचं घर” म्हणून करताय हे विसरू नका. त्याच नकाशात “पाहुण्यांची खोली १, २”, प्रत्येकीला वेगळं दार, वेगळी न्हाणी असं दाखवलंत तर सूटच धोक्यात येते. आधी घर घर म्हणून पूर्ण होऊ द्या, निवास-न्याहारीची नोंदणी मग वेगळी करा. आणि किनारी समाजाचं घर म्हणून पूर्वी नियमित करून घेतलेलं असेल तर त्या आदेशातल्या अटी काढून वाचा. व्यापारी वापर करायचा नाही आणि समाजाबाहेर विकायचं नाही, या दोन अटी त्यात असतात.

मालवण परिसर, अधिसूचनेच्या भाषेत “मालवण, आचरा-रत्नागिरी”, हा संवेदनशील किनारी क्षेत्रांच्या यादीत नाव घेऊन नमूद आहे. त्यामुळे तुमच्याकडची पाहणी इतर तालुक्यांपेक्षा बारीक असेल असं धरून कागद तयार ठेवा.

गोव्यातले कोणी हे वाचत असतील तर: राज्याचा २०१९ प्रमाणेचा किनारा आराखडा मंजूर होईपर्यंत तिथे २०११ चीच अधिसूचना चालते. ३०० चौरस मीटरची सूट २०१९ ची आहे. इथलं उत्तर जसंच्या तसं तिकडे नेऊ नका, खाडीकाठचं अंतरसुद्धा वेगळं आहे. २०११ मध्ये १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी ते. २०१९ मध्ये ५० मीटर किंवा रुंदी.

---

सातबारा_ते_सनद

गावठाणाबाहेर म्हणालात, तर क्रम असा ठेवा. नोंदवहीची नक्कल आणि मोजणीचा अर्ज आत्ताच. कांदळवन कक्षाला पत्रही आत्ताच, त्यासाठी मोजणीची वाट बघायची गरज नाही. मोजणीचा नकाशा हातात आला की १:४,००० चा नकाशा. मग जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज, त्याला “अस्तित्वातील” आणि “प्रस्तावित” असे दोन आराखडे शेजारी शेजारी, दोन्हींत जोत्याचं क्षेत्र, एकूण बांधकाम आणि आढ्याची उंची एकाच तक्त्यात. प्रस्तावित रकान्यातला कुठलाही आकडा अस्तित्वातील रकान्यापेक्षा मोठा नसावा. इंजिनियर सवयीने भिंतीची जाडी गोल करतो आणि १०९ चे ११२ होतात. तो तक्ता स्वतः तपासा.

मंजुरी डिसेंबर-जानेवारीत हातात आली नाही तर छप्पर यंदा उतरवू नका. कैच्या गॅल्वनाइज होऊन यायला, पट्टा ओतून २८ दिवस मुरायला आणि कौलं चढायला मिळून अडीच-तीन महिने जातात, आणि मेच्या अखेरीला घर झाकलेलं हवं.

पडवीचं पान निघालं की इथे टाका, नाव-गाव झाकून. “वर्णन” रकान्यातलं जुनं अक्षर लागत नसेल तर वाचून देतो.